डेटा सेंटर आणि वीज : लाइट गेल्यावर नेमकं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोली, रबाळे, महापे, चांदिवली, पनवेल या भागांत डेटा सेंटरच्या, म्हणजे इंटरनेटमागचे सर्व्हर (मोठे संगणक) ठेवायच्या, इमारती एकामागून एक उभ्या राहत आहेत. तिथे नोकरीला लागलेली डिप्लोमावाली मुलं, पतसंस्थेचा किंवा रुग्णालयाचा सर्व्हर सांभाळणारी माणसं आणि नुसतं कुतूहल असलेले वाचक साधारण हेच प्रश्न विचारतात. उत्तरं विजेच्या बाजूने काम करणाऱ्या माणसाच्या नजरेतून दिली आहेत. सॉफ्टवेअरवाल्यांनी थोडं सांभाळून घ्यावं.

लाइट गेली तरी डेटा सेंटर चालूच कसं राहतं?

सर्व्हरच्या पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरमध्ये १० ते २० मिलिसेकंद तग धरण्यापुरतीच ऊर्जा असते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे २० मिलिसेकंदांत तिचं जेमतेम एक आवर्तन पूर्ण होतं. तेवढ्या वेळात दुसरीकडून वीज मिळाली नाही तर सर्व्हर बंद.

म्हणून सर्व्हरला महावितरणची वीज थेट देतच नाहीत. मधे ऑनलाइन यूपीएस, म्हणजे बॅटरीच्या जोरावर अखंड वीज देणारं यंत्र, असतो. तो येणाऱ्या एसीचं डीसी करतो आणि त्या डीसीपासून पुन्हा स्वच्छ एसी बनवतो. बॅटरी या मधल्या डीसीला कायम जोडलेली असते. गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी येतं तेव्हा पालिकेचं पाणी कधी गेलं हे नळाला कळत नाही, तसंच हे आहे. बाहेरची वीज गेली तर यूपीएसच्या आत कुठलाही स्विच इकडून तिकडे पडावा लागत नाही, बॅटरी आपोआप भार उचलते.

बॅटरी पूर्ण भारावर साधारण ५ ते १५ मिनिटं पुरेल एवढीच ठेवतात. खरं दीर्घ पल्ल्याचं काम डीजीचं, म्हणजे डिझेल जनरेटरचं. चांगला राखलेला डीजी १०-१५ सेकंदांत सुरू होतो आणि मिनिटभरात सगळे डीजी एकमेकांशी सिंक होऊन भार घेतात.

एवढी व्यवस्था असताना मग मोठमोठी डेटा सेंटर्स बंद का पडतात?

वीज जाते म्हणून क्वचितच. एका स्रोताकडून दुसऱ्याकडे भार देताना, त्या सांध्यावर घोळ होतो. तीन उदाहरणं पाहा.

८ ऑगस्ट २०१६ रोजी अटलांटामध्ये डेल्टा या विमान कंपनीच्या डेटा सेंटरमधलं विजेचं उपकरण बिघडलं. बॅकअप होता. पण डेटा सेंटरमधल्या सुमारे ७,००० घटकांपैकी ३०० च्या आसपास घटक त्या बॅकअपला नीट जोडलेलेच नव्हते. पुढचे काही दिवस विमानं रद्द होत राहिली.

२७ मे २०१७ रोजी ब्रिटिश एअरवेजची यंत्रणा कोसळली आणि सुमारे ७५,००० प्रवासी अडकले. हीथ्रोजवळच्या डेटा सेंटरमध्ये यूपीएसची वीज तोडली गेली आणि नंतर कुठलाही क्रम न पाळता परत जोडली गेली. खरं नुकसान या दुसऱ्या कृतीने केलं. म्हणजे लंडनमध्ये लाइट गेली नव्हती, माणसाच्या हाताने घात केला होता.

त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या २० केव्हीच्या (२०,००० व्होल्टच्या) दोन्ही लाईन एकदम गेल्या आणि जनरेटर सुरूच झाले नाहीत. दोन लाईन घेतल्या म्हणजे निश्चिंत, असं समजणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी. दोन्ही लाईन एकाच सबस्टेशनवरून किंवा एकाच चरातून येत असतील तर जेसीबीचा एक फटका दोन्हींना पुरतो. कागदावर त्या दोन असतात, जमिनीत एकच.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई बंद पडली, त्यातून काय शिकायचं?

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा मोठा भाग एकाच वेळी अंधारात गेला. कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्यांपैकी एक देखभालीसाठी बंद होती, उरलेल्यांवर भार पडला आणि त्याही तुटल्या. असं झालं तर मुंबईने उर्वरित ग्रिडपासून वेगळं होऊन स्वतःच्या विजेवर चालावं, यासाठी जी आयलँडिंगची योजना होती, ती त्या दिवशी शहराला वाचवू शकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. काही भागांत वीज दोन-तीन तासांत आली, काहींना संध्याकाळपर्यंत वाट पाहावी लागली.

डेटा सेंटरच्या दृष्टीने यात दोन गोष्टी आहेत. पहिली, पंधरा मिनिटांच्या बॅटरीचा अशा दिवशी फक्त डीजी सुरू होईपर्यंतच उपयोग. दुसरी कमी बोलली जाते. तो काळ घरून काम करण्याचा होता. सर्व्हर जनरेटरवर छान चालत असला तरी तो चालवणाऱ्या माणसाच्या घरचा राउटर बंद, आणि तास-दोन तासांत जवळच्या मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही उतरायला लागतात. आणीबाणीच्या वेळी लागणारी माणसं कुठे असतील आणि त्यांच्याशी संपर्क कसा होईल, हेही वीजपुरवठ्याच्या आराखड्यात लिहिलेलं असावं.

लाइट गेलीच नाही, फक्त क्षणभर डिम झाली. त्याने काय फरक पडतो?

बऱ्याचदा पूर्ण लाइट जाण्यापेक्षा जास्त! पूर्ण वीज गेली की डीजी सुरू होतो आणि सगळे ठरलेले क्रम चालतात. अर्ध्या सेकंदाच्या डिपमध्ये, म्हणजे व्होल्टेज असं क्षणभर खाली येतं तेव्हा, डीजीला सुरू होण्याचं कारणच मिळत नाही. सर्व्हर यूपीएसवर सुखरूप असतात, पण चिलर, म्हणजे कूलिंगसाठी पाणी थंड करणारी मोठी यंत्रं, यूपीएसवर नसतात. त्यांच्या मोटारींचे कॉन्टॅक्टर (चुंबकावर धरलेले स्विच) सुटतात आणि चिलर बंद पडतात. मोठा चिलर लगेच पुन्हा सुरू होत नाही, त्याला काही मिनिटं लागतात. सर्व्हर मात्र उष्णता ओकतच असतात.

३० ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी सिडनीत मायक्रोसॉफ्टच्या डेटा सेंटरमध्ये हेच झालं. व्होल्टेज क्षणभर खाली आलं, चिलर ट्रिप झाले, त्यातले काही परत सुरू होईनात. हाताने सुरू करायचे तर त्या वेळी साइटवर तिघेच. तापमान चढत गेलं आणि शेवटी यंत्रणा मुद्दाम बंद कराव्या लागल्या. रात्रपाळीची माणसं तीनवरून सात केल्याचं कंपनीने नंतरच्या अहवालात लिहिलं. माझ्या मते त्या अहवालातली सगळ्यात उपयोगी ओळ हीच. रात्रपाळीत दोघांवर इमारत सोडणाऱ्या आपल्याकडच्या व्यवस्थापनांनी ती वाचावी.

उपाय ठाऊक आहेत. थंड पाण्याचे पंप आणि हवा फिरवणारे पंखे यूपीएसवर घ्यायचे, थंड पाण्याची साठवण टाकी ठेवायची आणि चिलर लवकर पुन्हा सुरू होणारा निवडायचा. रॅक, म्हणजे सर्व्हर रचायचं कपाट, १०० किलोवॅटच्या वर गेला, आणि एआयच्या सर्व्हरचे रॅक आता जातात, तर साठवणीशिवाय हातात मिनिटंही राहत नाहीत.

डिपचा उलटा परिणामही आहे. १० जुलै २०२४ ला अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियात २३० केव्हीच्या एका लाईनवर एकापाठोपाठ एक दोष आले. त्या परिसरातल्या सुमारे ६० डेटा सेंटर्सच्या यंत्रणांनी डिप मोजले, ग्रिड बेभरवशाची आहे असं ठरवलं आणि स्वतःला बॅकअपवर नेलं. एका झटक्यात १,५०० मेगावॉट भार ग्रिडवरून नाहीसा झाला आणि व्होल्टेज वर चढलं. प्रत्येकाने स्वतःपुरता शहाणपणा केला आणि त्याची बेरीज ग्रिडला महागात पडू शकली असती. नवी मुंबईत एवढी डेटा सेंटर्स शेजारी शेजारी उभी राहत असताना हा विषय राज्याच्या उच्चदाब वाहिन्या सांभाळणाऱ्या महापारेषणच्या टेबलावर असायलाच हवा.

ए फीड आणि बी फीड म्हणजे काय?

सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात. एकाला ए बाजूच्या यूपीएसची वीज, दुसऱ्याला बी बाजूच्या. एक बाजू पूर्ण गेली तरी सर्व्हर दुसरीवर चालतो.

यात एक सापळा आहे आणि तो नव्या माणसाला दिसत नाही. दोन्ही बाजू भार अर्धा-अर्धा वाटून घेतात. मीटरवर ए ६० टक्के, बी ६० टक्के दिसतात आणि सगळ्यांना वाटतं की अजून जागा आहे. ए गेली की बीवर १२० टक्के येतात, ब्रेकर ट्रिप होतो आणि दोन बाजू असूनही दोन्ही जातात. म्हणून कुठलीही बाजू ५० टक्क्यांच्या पुढे जाऊ द्यायची नाही, प्रत्यक्षात ४०-४५ वरच हात आखडता घ्यायचा. हे प्रत्येक रॅकच्या पॉवर स्ट्रिपलाही लागू आहे, नुसतं मोठ्या पॅनलला नाही. एकच पॉवर सप्लाय असलेलं जुनं उपकरण असेल तर त्याच्यासाठी रॅकमध्ये छोटा स्टॅटिक ट्रान्सफर स्विच बसवतात. तो काही मिलिसेकंदांत बाजू बदलतो. आणि दोन्ही वायरी चुकून एकाच बाजूला लावलेल्या नाहीत ना, हे डोळ्यांनी पाहायचं. ए आणि बीच्या वायरी वेगळ्या रंगाच्या घेतल्या की निम्मी कटकट मिटते.

टियर ३, टियर ४ हे काय प्रकरण आहे?

अपटाइम इन्स्टिट्यूट या संस्थेची ही वर्गवारी आहे. टियर ३ म्हणजे कुठलंही एक उपकरण देखभालीसाठी काढलं तरी सर्व्हर चालू राहतात. टियर ४ म्हणजे अचानक बिघाड झाला तरी चालू राहतात. जाहिरातीत ‘टियर ३ दर्जाचं’ असं लिहिलेलं दिसलं तर प्रमाणपत्र मागा, आणि ते आराखड्याचं आहे की बांधून झालेल्या इमारतीचं, तेही विचारा. दोन्हींत बरंच अंतर असतं.

लेड ॲसिड बॅटरी बरी की लिथियम?

लेड ॲसिड स्वस्त, ओळखीची आणि भंगारातही किंमत मिळवून देणारी. पण अवजड, आणि उष्णतेला फार कच्ची. २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. बॅटरी रूमचा एसी ‘काटकसर’ म्हणून बंद करणाऱ्याने हे गणित एकदा करावं. शिवाय मालिकेतली एक बॅटरी मेली की अख्खी स्ट्रिंग निकामी, आणि ते बऱ्याचदा लाइट गेल्यावरच कळतं.

लिथियम जास्त टिकते, जागा कमी घेते आणि भराभर चार्ज होते. तिची आग मात्र वेगळ्या जातीची असते. १५ ऑक्टोबर २०२२ ला दक्षिण कोरियात पांग्यो इथल्या डेटा सेंटरच्या बॅटरी रूममध्ये आग लागली, विझवण्यासाठी वीज तोडावी लागली आणि काकाओ टॉक हे तिथलं घरोघरी वापरलं जाणारं ॲप बंद पडलं. तीन वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२५ ला, त्याच देशात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. ६०० हून अधिक सरकारी प्रणाली थांबल्या आणि कर्मचाऱ्यांच्या फायलींचा ८५८ टेराबाइटचा साठा जळाला, ज्याची दुसरी प्रत नव्हती. वीज टिकवण्यासाठी ठेवलेलं साधनच आगीचं कारण ठरलं.

लिथियम घ्यायची तर बॅटरी रूम सर्व्हर हॉलपासून आगरोधक भिंतीने वेगळी हवी आणि मुदत संपलेली बॅटरी ‘अजून चालतेय की’ म्हणून ठेवायची नाही.

जनरेटर आहे, दर आठवड्याला चालवतो. पुरे ना?

रिकामा चालवत असाल तर पुरे नाही. भाराशिवाय किंवा ३० टक्क्यांच्या खाली वारंवार चालवलेल्या डिझेल इंजिनात इंधन पूर्ण जळत नाही, एक्झॉस्टमध्ये काळा चिकट थर साठतो आणि खऱ्या दिवशी पूर्ण भार दिला की इंजिन दम टाकतं. महिन्यातून एकदा खऱ्या भारावर आणि वर्षातून एकदा लोड बँक (चाचणीपुरता कृत्रिम भार देणारं यंत्र) लावून पूर्ण क्षमतेने काही तास चालवावा.

डीजी ऐनवेळी सुरू न होण्याची कारणं बहुतेक वेळा क्षुल्लक असतात. स्टार्टिंगची बॅटरी उतरलेली. डिझेलमध्ये पाणी किंवा शेवाळासारखा गाळ, त्यामुळे फिल्टर चोंदलेला. आणि सगळ्यात वैताग आणणारं कारण म्हणजे सर्व्हिसवाल्याने मॅन्युअलवर केलेला सिलेक्टर स्विच परत ऑटोवर कुणी केलाच नाही. पाळी बदलताना ‘सगळे डीजी ऑटोवर’ अशी नोंद सहीनिशी घेण्याची पद्धत यासाठीच आहे.

खरी चाचणी मात्र एकच. मुख्य एचटी (उच्चदाब) ब्रेकर मुद्दाम उघडायचा, म्हणजे बाहेरची वीज तोडायची, आणि सगळी साखळी आपोआप चालते का ते पाहायचं. व्यवस्थापनाला हे नको असतं. भर दिवसा, सगळे तज्ज्ञ हजर असताना फसलेलं परवडतं, की जुलैतल्या पहाटे तीनला, असा प्रश्न त्यांना विचारावा.

डिझेल किती ठेवायचं, आणि जनरेटर कुठे?

ढोबळ हिशेब असा. एक युनिट वीज बनवायला पाव लिटर डिझेल. सर्व्हरचा भार ५ मेगावॉट आणि कूलिंग वगैरे धरून एकूण ७.५ मेगावॉट असेल तर तासाला सुमारे १,९०० लिटर, दिवसाला ४५,००० लिटर. टियर वर्गवारीत किमान १२ तासांचा साठा अपेक्षित आहे, बरेच जण २४ ते ४८ तासांचा ठेवतात. एवढ्या साठ्याला पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकं यांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेची, परवानगी लागते. या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

साठा संपल्यावर टँकर येईल, हे गृहीतक आपल्याकडे पावसाळ्यात टिकत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली होता. कोल्हापूर-सांगलीत टँकर येणार कुठून?

जागेबद्दल एकच सांगतो, तळघर नको. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कच्या खालच्या टोकाला पाणी घुसलं. ७५ ब्रॉड स्ट्रीट या इमारतीत जनरेटर १७ व्या मजल्यावर सुरक्षित होता, पण त्याला डिझेल चढवणारे पंप तळघरात बुडाले. तिथल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस रांग लावून डिझेलच्या बादल्या जिन्याने १७ मजले चढवल्या आणि सर्व्हर चालू ठेवले. कौतुक करावं तेवढं थोडं, पण पंपाच्या जागेचा विचार आधी झाला असता तर बादल्या लागल्या नसत्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे ज्या शहराने पाहिलंय तिथे आजही तळघरात पॅनल रूम काढलेली दिसते, याचं नवल वाटतं.

आमची छोटी पतसंस्था आहे, एक रॅक आहे. हे सगळं आम्हाला कशाला?

सगळं नको. एवढं पाहा.

आधी रॅकचा खरा भार क्लॅम्प मीटरने मोजा, पाटीवर लिहिलेला नको. समजा ४ किलोवॅट निघाला. ६ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस ०.९ पॉवर फॅक्टरने ५.४ किलोवॅट देतो, म्हणजे चालेल. त्याला १२ व्होल्ट, ४२ एएचच्या १६ बॅटऱ्या लावल्या तर कागदावर सुमारे ८ युनिट होतात आणि विक्रेता ‘दोन तास बॅकअप’ म्हणतो. बॅटरी इतक्या जोरात उतरवली की पूर्ण क्षमता देत नाही, यूपीएसमध्येही थोडी घट आहे आणि दोन वर्षांनी बॅटरी म्हातारी होते. तास-सव्वा तास धरा आणि त्यावरच नियोजन करा.

मग अर्थिंग. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. गावाकडे १०-१५ व्होल्ट सर्रास सापडतात आणि सर्व्हर ‘उगाच’ हँग होत राहतो. त्याहून धोक्याचं म्हणजे डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरपाशी, न्यूट्रल सुटणं. तसं झालं की २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत काहीही येऊ शकतं. यूपीएसच्या आधी ओव्हर व्होल्टेज तोडणारं उपकरण आणि मेन पॅनलमध्ये चांगला सर्ज प्रोटेक्टर हवा. विदर्भ-मराठवाड्यात वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हा इंटरनेटची तांब्याची केबलही सर्ज आत आणते, तेवढा शेवटचा टप्पा फायबरचा करून घ्या.

आणि हो, यूपीएसला नेटवर्क कार्ड घालून बॅटरी ३० टक्क्यांवर आली की सर्व्हर आपोआप नीट बंद होतील अशी व्यवस्था करा. नट नावाचं मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरतं. डेटाबेस अर्धवट लिहिताना वीज तुटली तर दुसऱ्या दिवशी खातेदारांच्या शिल्लका जुळवत बसावं लागतं.

घरचा इन्व्हर्टर सर्व्हरला चालतो का?

नाही. त्याचा बदलण्याचा वेळ सर्व्हरच्या सहनशक्तीच्या काठावर असतो आणि स्वस्त इन्व्हर्टरची वेव्हही चौकोनी असते. राउटर आणि लॅपटॉपला ठीक आहे.

छतावर सोलर आहे, त्यावर भागेल?

साधा ऑनग्रिड सोलर लाइट गेली की स्वतःही बंद होतो. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तसा नियमच आहे. त्याने बिल कमी होतं, बॅकअप मिळत नाही.

सगळं क्लाउडवर टाकलं की ही कटकट संपली ना?

ती दुसऱ्याच्या अंगावर गेली, संपली नाही. १३ ऑगस्ट २०१५ ला बेल्जियममधल्या गूगलच्या डेटा सेंटरजवळ ग्रिडवर लागोपाठ चार वेळा आकाशातली वीज कोसळली आणि काही डिस्कवरचा अगदी अल्प भाग, ०.०००००१ टक्के, कायमचा गेला. प्रमाण नगण्य, पण शून्य नाही.

दुसरी प्रत दुसऱ्या शहरात ठेवा, आणि ते शहर निवडताना ग्रिडचा विचार करा. मुंबईची प्रत पनवेलला ठेवली तर १२ ऑक्टोबरसारख्या दिवशी दोन्हीकडे एकदम लाइट जाण्याची शक्यता राहते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला तेव्हा दक्षिणेची ग्रिड वेगळी होती. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईनने ती उर्वरित देशाशी जोडली गेली आणि आता सगळा देश एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतो. तरीही चेन्नई किंवा हैदराबादची प्रत ठाण्याच्या प्रतीपेक्षा कितीतरी भरवशाची.

लाइट परत आली. लगेच सगळं चालू करू?

थांबा. मोठ्या बिघाडानंतर आलेली वीज पहिल्या काही मिनिटांत पुन्हा जाण्याची शक्यता बरीच असते, आणि बॅटऱ्या उतरलेल्या असतात. डीजी असेल तर वीज दहा-पंधरा मिनिटं स्थिर दिसेपर्यंत भार डीजीवरच राहू द्या. डीजी नसेल तर बॅटरी किमान निम्मी चार्ज होऊ द्या. मग क्रम असा. आधी कूलिंग, मग नेटवर्क स्विच, मग स्टोरेज, मग डेटाबेस आणि शेवटी ॲप्लिकेशन. सर्व्हरच्या बायोसमध्ये ‘वीज आली की आपोआप सुरू हो’ ही सेटिंग सरसकट ठेवू नका, नाहीतर सगळे एकदम उठतात आणि सुरुवातीच्या करंटने ब्रेकर ट्रिप होतो. हा क्रम कागदावर छापून रॅकच्या दारावर आतून चिकटवा. फाइल सर्व्हरवर ठेवलेली असेल तर त्या वेळी ती उघडणार नाही.